वीतभर कमी पडलेली तुळई

इनास मिस्त्रींच्या बायकोचा, पावलीनवहिनींचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून एका हाताने आमटी ढवळत होते आणि दुसऱ्या हाताने सातवीचे चाचणीचे पेपर तपासत होते. शिक्षकांच्या घरात हे असंच चालतं. पलीकडून त्या एवढंच म्हणाल्या, “बाई, आमचा मिस्त्री गेला.” मग पाचला घरून निघणार, साडेपाचला चर्चमध्ये, असं काहीतरी सांगितलं... मी नुसती हो हो करत राहिले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की कसे गेले, त्रास झाला का, यातलं मी काहीच विचारलं नाही. आमटी करपली ती वेगळीच.

इनास मिस्त्री माझे कोणी नात्यातले नव्हेत. ते वसईच्या पश्चिमेचे, समुद्राच्या अंगाला असलेल्या गावातले पिढीजात सुतार. मी मूळची सांगलीकडची, लग्न होऊन वसई पूर्वेला आलेली, नगरपालिकेच्या शाळेत शिकवणारी. त्या दिवशी त्यांच्या घरी पोचले तेव्हा ओटीवर त्यांची शवपेटी ठेवली होती, बायका माळेची प्रार्थना म्हणत होत्या. मी वर पाहिलं. त्या घराचं सगळं लाकूडकाम सागाचं, वर्षानुवर्षं तेलपाणी केलेलं, आणि ओटीच्या अगदी दर्शनी बाजूला, जिथे तुळई असायला हवी तिथे, हिरवा रंग दिलेला लोखंडी पाइप. सुताराच्या दारात लोखंडी पाइप! नवखा माणूस हसेल. मी मात्र त्या पाइपाखाली उभी राहिले आणि मला रडू आवरेना. शेजारच्या बायांना वाटलं, बाई फारच मायाळू. त्यांना काय माहीत, तो पाइप माझ्या घरापायी तिथे आला होता.

आमची बिल्डिंग तळमजला अधिक दोन मजले, बारा बिऱ्हाडं. एव्हरशाईन सिटीकडे इमारतींचं रान माजलं त्याच्या पुष्कळ आधीची. आम्ही वरच्या मजल्यावर, मागच्या कोपऱ्यात. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि त्यात नवरा, दोन मुली आणि मी. बांधणाऱ्याने खाडीची खारट रेती वापरलेली, हे आम्हाला कळायला पंधरा-सोळा वर्षं गेली. आधी स्लॅबला बारीक रेघ दिसली, मग पोपडे पडले, मग एक दिवस धाकटीच्या अंथरुणावर पायलीएवढा ढलपा. नशिबाने ती तेव्हा शाळेत होती. आत बघितलं तर सळ्यांचा नुसता लाल भुगा. दर उन्हाळ्यात सोसायटी गच्चीवर विटांचे तुकडे नि सिमेंटचा नवा थर घालायची, म्हणजे गळती थांबेल म्हणून. गळती काही थांबायची नाही, वजन तेवढं वाढायचं. शेवटी एका तरुण इंजिनीयरला बोलावलं. त्याने हातोडीने ठोकून ठोकून पाहिलं आणि सरळ सांगितलं की खालचे कॉलम अजून तग धरतील, पण हा स्लॅब पुढच्या पावसाच्या आधी उतरवायला हवा. नाहीतर वरच्या चार घरांनी जागा खाली करावी, असं मी लेखी देईन. नवा स्लॅब टाकायचा तर कॉलम जाड करावे लागतील, म्हणजे पायापासून सगळं आलं. तेवढी ऐपत बाराही घरांत कोणाची नव्हती. म्हणजे आमच्या चार घरांनी बाडबिस्तरा उचलायचा. जायचं कुठे, ते कोणी सांगत नव्हतं.

मी काही उचलणार नव्हते. हे घर आम्ही दोघांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेलं. माझा स्वभाव तसा भांडकुदळ आहे, बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा. पण भांडायचं कोणाशी? बांधणारा केव्हाच पसार झाला होता. मग मी म्हटलं, निदान टेकू लावू. आमचे हे तेव्हा सातिवलीला एका कारखान्यात फोरमन होते. तिथे यंत्रं पॅक करायची लाकडी खोकी बनवतात, त्यातलं उरलंसुरलं लाकूड मिळेल म्हणाले. एका रविवारी आम्ही दोघं गोडाऊनला गेलो. तिथे साठीकडे झुकलेला एक काटक माणूस पाइनच्या फळ्यांना धडाधड खिळे मारत बसला होता. हेच इनास मिस्त्री. त्यांच्या वडिलांनी होड्या बांधल्या, यांनी तरुणपणी होड्या बांधल्या, मग गावातल्या कौलारू घरांची छपरं उभारली, दोन-तीन चर्चची लाकडी छतं दुरुस्त केली. मग होड्या यंत्राच्या झाल्या, घरं स्लॅबची झाली, आणि मिस्त्री सातिवलीला खोकी ठोकायला लागले. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, टेकू कशाला पाहिजे. मी सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि संध्याकाळी आमच्याबरोबर घरी आले.

घरात येऊन ते खाली बघतच नाहीत, नुसतं वर. चहा गार झाला. चारी कोपरे फिरले, गच्चीवर जाऊन आले, गच्चीच्या कडेला ओणवं होऊन भिंत वरून खाली न्याहाळली. मग माझ्या स्वयंपाकघरात मी आधीच लावलेल्या दोन बांबूंवर हात ठेवून म्हणाले, “बाई, हे टेकू स्लॅबला नाय. तुमच्या मनाला आहेत.” मला राग आला. खरं बोललं की मला राग येतो. मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा काय करायचं. तर हा माणूस अगदी सहज, भाजीला काय आणू विचारावं तसा, म्हणाला की स्लॅब काढून टाका, वर मी लाकडी माळा बांधून देतो, त्यावर कौलं. वजन काहीच नाही. चारी घरांना वर एकेक खोली जास्तीची मिळेल. आतून जिना काढू.

लोखंडी का नाही, असं आमच्या ह्यांनी विचारलं, कारण ते पडले लोखंडातले. मिस्त्री म्हणाले, समोर खाडी, वारा खारा. लोखंड गंजलं म्हणूनच ही पाळी आली, परत त्यालाच बोलवायचं?

सोसायटीची मीटिंग झाली ती मी जन्मात विसरणार नाही. आमचे चेअरमन पेडणेकर, तळमजल्यावर राहणारे, सरकारी नोकरीतून निवृत्त, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, बारा कुटुंबांना काडेपेटीत राहायला सांगताय का? हशा पिकला. मग वाळवी, आग, वारा, एकेक करत त्यांनी मिस्त्रींची उलटतपासणी घेतली. मिस्त्री शांत. वाळवी वर येते ती ओलीतून, मी लाकूड ओलीला लागू देनार नाय. वर चूल नको, वायरी पाइपातून घ्या. वारा? आमच्या होड्या वाऱ्यात कशा राहतात, साहेब? पेडणेकरांचं समाधान झालं नाही. त्यांनी विरोध लिहून ठेवायला लावला. पण त्या तरुण इंजिनीयरने बिचाऱ्याने बरेच दिवस आकडेमोड केली, परत परत येऊन मिस्त्रींच्या शेजारी बसला, आणि शेवटी म्हणाला की गच्चीवरचा मलबा आणि स्लॅब उतरवला की जेवढं ओझं कमी होतं, त्याच्यापुढे हा माळा म्हणजे काहीच नाही. त्याने नकाशे काढले, नगरपालिकेत खेटे घालून परवानगी आणली. एका मताने आम्ही जिंकलो. ते एक मत मी कसं मिळवलं, ते विचारू नका. तिसऱ्या नंबरच्या वहिनींच्या मुलाला मी वर्षभर गणित फुकट शिकवलं.

लाकूड कुठून आणायचं? नवा साग आम्हाला परवडणारा नव्हता. पण तेव्हा पश्चिमेच्या गावांतून जुनी कौलारू घरं पाडून स्लॅबचे बंगले उठायला लागले होते, आणि त्यातले वासे, तुळया व्यापारी येऊन उचलून न्यायचे. मिस्त्री व्यापाऱ्यांच्या आधी पोचायचे. त्यातली बरीच छपरं त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनीच चढवलेली. प्रत्येक लाकडाच्या टोकाला ते पटाशीने त्या घराची खूण कोरायचे. मी विचारलं, ही उठाठेव कशाला? तर म्हणाले, उद्या कोणी विचारलं आमच्या बापाचं आढं कुठे गेलं, तर सांगता आलं पाहिजे. आणि खरंच, पुढे एक म्हातारी काठी टेकत आमच्या जिन्याने वर आली होती, आपल्या घराची तुळई बघायला. बघितली, तिच्यावरून हात फिरवला, चहा घेतला आणि गेली.

फेब्रुवारीत आम्ही चारी घरं खाली उतरलो. कोणी भावाकडे गेलं, कोणी तुळिंजला भाड्याने राहिलं. आम्हाला कोणी ठेवून घेतलं असेल? पेडणेकरांनी. विरोध लिहून ठेवणाऱ्या त्याच पेडणेकरांनी आपली बाहेरची खोली मोकळी करून दिली. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, विरोध कामाला आहे, तुमच्या मुलींना नाही. असा कोरडा माणूस. मग वर घणाचे घाव सुरू झाले. आपलंच घर उघडं पडताना खालून ऐकायचं... मी तेव्हा शाळेतून मुद्दाम उशिरा यायची.

मिस्त्रींची कामाची पद्धत होडीवाल्यांची. सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, प्रत्येक सांध्याला पाचर ठोकून बघायची, मग सोडवायचा आणि वर नेऊन परत जुळवायचा. खिळा फार थोडा. जिथे तिथे खाच, खुंटी आणि पाचर. गोडाऊनच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन महिने हे चाललं होतं. एप्रिलच्या शेवटी सांगाडा उभा राहिला तेव्हा मी मुलींना घेऊन बघायला गेले. एखाद्या मोठ्या होडीच्या फासळ्या उलट्या घालाव्यात तसा दिसत होता. मिस्त्री त्याच्याभोवती फिरत होते आणि त्यांच्या तोंडावरचं हसू लपत नव्हतं. खोकी ठोकणाऱ्या माणसाला किती वर्षांनी आपलं काम मिळालं होतं.

मग ते वर चढवलं. पुढची बाजू बसली, आढं चढलं, आणि शेवटी मागची लांब तुळई आली. तिच्यावर सगळ्या वाशांची खालची टोकं टेकायची होती. ती तुळई आमच्या कोपऱ्यातल्या खांबापर्यंत पोचेना. बरोबर वीतभर कमी. खांब पुढे सरकवता येत नव्हता, कारण खाली तिथेच सिमेंटचा कॉलम, आणि भार त्याच्यावरच उतरायला हवा, इंजिनीयरने बजावून सांगितलेलं. मिस्त्री तुळईच्या टोकाशी उकिडवे बसले. कितीतरी वेळ बसले. मग आपल्या वडिलांची मापाची काठी घेऊन त्यांनी मागची भिंत मोजली, पुढची मोजली, परत मागची मोजली. मागची भिंत पुढच्यापेक्षा वीतभर लांब निघाली. बिल्डिंगच वाकडी बांधलेली होती.

आणि मिस्त्रींनी मागची भिंत आधी मोजलीच नव्हती. होडी बांधताना हा माणूस डाव्या अंगावर विश्वास ठेवून उजवं अंग कधी धरायचा नाही. गावातल्या मातीच्या भिंतीसुद्धा चारी बाजूंनी मोजायचा. पण ही पडली सिमेंटची बिल्डिंग. शिकल्यासवरलेल्या लोकांनी नकाशा काढून बांधलेली, ती चौकोनी असणारच, तिथे सुताराने काठी लावून बघणं म्हणजे आगाऊपणा, असं त्यांना वाटलं. मला हे कळलं तेव्हा मी त्यांच्यावर भडकले. सगळ्यांच्या देखत बोलले. काय काय बोलले ते आज आठवलं तरी मान खाली जाते. तुमच्या भरवशावर मी डोक्यावरचं छप्पर काढलं, असंही म्हटलं. त्यांनी काठी उचलली, डोक्याचा रुमाल सोडून खांद्यावर टाकला आणि निघून गेले.

संध्याकाळी खाली पेडणेकरांच्या खोलीत लोक जमले. पाऊस महिन्यावर आलेला, चार घरं उघडी, वर नुसती ताडपत्री. सगळ्यांचं एकच, मिस्त्रीला हाकला, पत्रे टाका, नाहीतर त्या चारांना दुसरी सोय बघू द्या. मी मान खाली घालून बसले होते. पहिला दगड मीच मारला होता ना. पेडणेकर सगळं ऐकत होते. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, “माझा विरोध कागदावर आहे, तो मी मागे घेत नाही. पण मिस्त्रीने स्वतः मोजून स्वतःची चूक दाखवली. ज्याने ही बिल्डिंग वाकडी बांधली तो एकदा तरी तोंड दाखवायला आला का?” मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, उद्या जाऊन त्या माणसाला घेऊन या. तुम्ही बोललात, तुम्हीच जा.

गेले. जाताना वाटेत शंभर वेळा शब्द जुळवले. मिस्त्रींच्या दारात पोचले तर तिथे पावलीनवहिनी कंबरेवर हात ठेवून उभ्या, आणि मिस्त्री शिडीवर. ओटीच्या छपराला त्यांनी बांबूंचे टेकू दिले होते आणि दर्शनी तुळई सोडवून खाली घेत होते. त्यांच्या वडिलांनी बसवलेली तुळई. वहिनींचा तोंडाचा पट्टा चालू होता, त्यांच्या बोलीतलं मला अर्धं कळत नव्हतं, पण अर्ध्यातच समजलं. मी म्हटलं, मिस्त्री, हे काय करताय, आम्ही बाजारातून आणू लाकूड. तर शिडीवरूनच म्हणाले, “बाजारात या जातीचं, या वयाचं लाकूड नाय भेटनार. दोन लाकडं एका वयाची नसली तर सांधा भांडत राहतो. चूक माझी आहे, लाकूड पन माझंच लागनार.” मी पुढे झाले आणि तुळईचं खालचं टोक धरलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि मधला भाग धरला. माफी मी कधी मागितली नाही. मागायला हवी होती. त्या दिवशी राहिली ती राहिलीच.

पुढचे दिवस मी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी म्हणून रोज त्यांच्या हाताखाली होते. होडीच्या तळाला जे लांब लाकूड असतं, ते एका झाडात मिळत नाही, म्हणून त्याला सांधा देतात. दोन्ही लाकडं लांब तिरकी कापायची, एकमेकांवर झोपवायची, मधे दात काढून एकमेकांत अडकवायची आणि पोटात दोन बाजूंनी दोन पाचरी ठोकायच्या. वीतभर वाढवायला हातभराहून लांब सांधा लागतो, आणि तेवढा तुकडा निघाल्यावर ती तुळई ओटीला आखूड पडली, म्हणून तर तिथे पाइप आला. चार वेळा त्यांनी ती दोन लाकडं जुळवली, उचलली, रंधा मारला, परत जुळवली. तेव्हा वर सांगाड्याच्या सावलीत पेडणेकरसुद्धा खुर्ची टाकून बसायचे. देखरेखीला, म्हणायचे. एकदा मी बघितलं, ते पटाशी पुढे करून देत होते.

शेवटची पाचर बसली तेव्हा मिस्त्रींनी एक हात खांबाला लावला आणि दुसऱ्या हाताने लाकडी मोगरीने पाचरीवर तीन घाव घातले. घट्ट पाचर टणटणीत वाजते, सैल असली तर आवाज पोटातून येतो. मला म्हणाले, कानाने फसाल, तळहाताने ऐका. मी हात लावला. आवाज खांबातून थेट कोपरापर्यंत आला. आमच्या आढ्याला पेडणेकरांनी नारळ बांधला आणि मिस्त्रींनी ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेला वाळका क्रूस खोचला. कौलं चढली त्यानंतर आठवड्याने पाऊस आला. बारा घरांतली बारा माणसं आमच्या माळ्यावर उभी राहून वर बघत होती. थेंब आत आला नाही.

त्या खोलीत माझ्या मुलींनी दहावीचा, बारावीचा अभ्यास केला. त्याच खोलीतून थोरली लग्न होऊन गेली. सगळीकडे सात-सात मजले उठले, पण रिक्षावाल्याला ‘कौलवाली बिल्डिंग’ म्हटलं की तो सरळ दारात आणून सोडतो. आणि मिस्त्री दर वर्षी यायचे. नाताळ आटोपला, थंडी पडली की लाकूड सुकून आकसतं, पाचरी ढिल्या होतात. मग जानेवारीतल्या एखाद्या रविवारी सकाळी ते प्रार्थना करून परस्पर यायचे, चारी माळे फिरायचे, एकेक पाचर मोगरीने ठोकायचे. शेवट कायम आमच्या कोपऱ्यातल्या सांध्यावर. मोगरी परत न्यायचे नाहीत, आमच्याच जिन्याखाली ठेवायचे. मग पोहे, चहा, आणि जाताना म्हणायचे, बस, आता वर्षभर वर बघू नका. कोणी पैसे पुढे केले तर चक्क रागवायचे.

मधे एकदा माझ्या डोक्यात आलं की खोली जरा नीट दिसावी. जावई यायचे होते. तो सांधा म्हणजे दोन रंगांची लाकडं, त्यावर पाचरींची बोंडं, ठिगळ लावल्यासारखं दिसायचं. मी प्लायवूड आणून कोपरा झाकून घ्यायचं ठरवलं आणि मोठ्या उत्साहाने मिस्त्रींना सांगितलं. त्यांना मी तेवढं रागावलेलं कधीच बघितलं नाही. आवाज चढवला नाही, पण हातातला चहा खाली ठेवला. म्हणाले, “बाई, ती माझी चूक आहे. ती उघडी राहू द्या. दिसत राहिली तर कोनीतरी तिची काळजी घेईल.” प्लायवूड मी परत केलं. जावयांना कोपरा दाखवून सगळी गोष्ट सांगितली. त्यांना वाटलं असेल, सासूबाई जरा अशाच आहेत.

गेल्या जानेवारीत आले ते शेवटचे. दम लागायचा. प्रत्येक मजल्याच्या वळणावर थांबत, भिंतीला टेकत, दोन मजले चढून वर आले आणि आमचा जिना बघून खालच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, मिस्त्री, एक वर्ष राहू दे, काही होत नाही. तर म्हणाले, त्याच वर्षी होतं. कसेबसे माळ्यावर आले, पण स्टुलावर चढता येईना. मग त्यांनी मोगरी माझ्या हातात दिली. स्वतः खालून खांबाला तळहात लावून, डोळे मिटून उभे राहिले. मी दणादण घाव घातले. डोळे न उघडता म्हणाले, “पोराला मारताय काय, बाई? समजावून सांगा त्याला.” मी हसले, ते हसले, मग त्यांना खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. सगळ्या घरांतल्या सगळ्या पाचरी त्या दिवशी मीच ठोकल्या, आणि प्रत्येक ठिकाणी ते हात लावून अजून, अजून, बस, असं सांगत होते. मला वाटलं, थकलेत म्हणून माझ्याकडून करवून घेतायत. शिक्षकी पेशात आख्खं आयुष्य घालवलं आणि मला कोणी शिकवत होतं, ते मला कळलं नाही.

परवा रविवारी थंडी जरा जास्तच होती. सकाळी उठले ती मनाशी ठरवूनच. जिन्याखालची मोगरी काढली, तीन घरं फिरले आणि शेवटी आमच्या कोपऱ्यात स्टुलावर चढले. आमचे हे स्टूल धरून. पण खांबाला हात लावायला कोणीतरी हवं ना. मी जिन्यातून खाली वाकून कोणाला हाक मारावी म्हणून बघते तर पेडणेकर कठड्याला धरून एकेक पायरी वर चढत होते. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, आठवड्यातून एकदा भाजीपुरते बाहेर पडतात. ठोकण्याचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, म्हणाले. आल्यावर दम खात उभे राहिले. काडेपेटी म्हणाले होते, तो माळा त्यांनी एकदा नजरेखालून घातला, चष्मा पुसला आणि काही न विचारता खांबाला तळहात लावला.

मी पहिला घाव घातला. मग दुसरा. समजावून सांगितल्यासारखा. आवाज मला बरा वाटला, हात अवघडला होता, म्हणून मी मोगरी खाली घेतली आणि म्हटलं, झालं.

पेडणेकरांनी हात काढला नाही. डोळे मिटलेलेच होते.

“नाही झालं,” ते म्हणाले. “अजून एक. तो असता तर म्हणाला असता.”

मी मोगरी परत उचलली.